पॅलिम्प्सेस्ट : अर्थ, उगम आणि साहित्यातला वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यात नौपाड्याला आमचा एक छोटा वाचनगट आहे. त्यात बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मुले आहेत, भाषांतराची कामे करणारे आहेत, निवृत्तीनंतर निवांतपणे वाचायला बसलेले काका-काकू आहेत. या सगळ्यांना हमखास अडवणारा शब्द म्हणजे पॅलिम्प्सेस्ट. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण कादंबरीतल्या किंवा निबंधातल्या वाक्यात तो अर्थ नीट बसत नाही. गटात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

पॅलिम्प्सेस्ट म्हणजे नेमके काय?

चर्मपत्रावरचा आधीचा मजकूर धुऊन किंवा खरवडून काढायचा आणि त्याच पानावर नवा मजकूर लिहायचा. असे पुन्हा वापरलेले हस्तलिखित म्हणजे पॅलिम्प्सेस्ट. आधीचा मजकूर पुरता जात नाही. वरच्या ओळींच्या मधूनमधून खालच्या अक्षरांच्या पुसट खुणा दिसत राहतात.

पुढे हा शब्द लक्षणेने वापरात आला. जुने पुसून नवे मांडले आहे, तरीही जुन्याचा माग लागतो, अशा शहराला, मनाला, कवितेला किंवा नकाशाला पॅलिम्प्सेस्ट म्हणू लागले.

या अर्थात चार गोष्टी येतात: लिहिणे, मिटवणे, पुन्हा लिहिणे आणि मिटवलेले उरणे. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. 'थरांवर थर' एवढाच अर्थ धरून हा शब्द सर्रास वापरला जातो आणि तिथेच तो बोथट होतो. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, जिथे खरवडणारा हात दाखवता येत नाही, तिथे हा शब्द वापरू नये. पुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा येईल, कारण साहित्यातले या शब्दाचे चांगले वापर त्याच कसोटीवर उभे आहेत.

उच्चार कसा करायचा?

पॅ-लिम्प्-सेस्ट. जोर पहिल्या अक्षरावर. मधला 'प' ओझरता.

शब्द आला कुठून?

मूळ ग्रीक. 'पालिन' म्हणजे पुन्हा आणि 'प्सेस्तोस' म्हणजे घासलेले, खरवडलेले. ग्रीकमधून तो लॅटिनमध्ये गेला आणि इंग्रजीत सतराव्या शतकात आला.

रोमन लोकांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द होता. इ.स.पू. ५३ मध्ये सिसेरो या रोमन वक्त्याने आणि लेखकाने त्रेबातियस या आपल्या वकील मित्राला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्रेबातियसने पत्रासाठी पुसलेला कागद पुन्हा वापरला होता. सिसेरो त्याच्या काटकसरीची तारीफ करतो आणि पुढे विचारतो, 'हे असले पत्र लिहिण्यासाठी तू पुसून टाकलेस, असे त्या कागदावर आधी होते तरी काय?' पॅलिम्प्सेस्टबद्दल विचारण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी मित्राची थट्टा करता करता विचारून ठेवला आहे.

त्याच सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. १८१९ मध्ये अँजेलो माई या व्हॅटिकनच्या ग्रंथपालाला त्याचा मोठा भाग सापडला, तो एका पॅलिम्प्सेस्टमध्ये. वर संत ऑगस्टीनचे स्तोत्रांवरचे भाष्य आणि खाली सिसेरो. १८२२ मध्ये तो छापून आला.

मजकूर खरवडून काढायचाच कशाला?

चर्मपत्र महाग होते म्हणून. मेंढीची, बकरीची किंवा वासराची कातडी भिजवायची, चुन्याच्या पाण्यात ठेवायची, ताणून वाळवायची, घासून गुळगुळीत करायची. जाडजूड ग्रंथ करायचा तर कळपच लागे. त्यामुळे ज्या पुस्तकाचे वाचक उरले नाहीत, ज्याची भाषा ख्रिस्ती मठात कुणाला येत नाही किंवा ज्याची नवी प्रत तयार झाली आहे, ते पुस्तक कच्चा माल ठरे. पाने सोडवायची, शाई धुवायची, सच्छिद्र दगडाने घासायची, पाने आडवी फिरवून मधोमध दुमडायची आणि नव्याने शिवायची.

यात ग्रंथांविषयी द्वेष होता असे सरसकट धरून चालू नये. बऱ्याचदा निव्वळ निकड होती. पण निकडीतही निवड असते. काय ठेवायचे आणि काय खरवडायचे, हे कुणीतरी ठरवलेले असते.

खरवडलेली अक्षरे पुन्हा दिसतात कशी?

मध्ययुगीन शाई बहुधा झाडावरच्या गाठींचा अर्क आणि लोहाचा क्षार मिसळून केलेली असे. ती चर्मपत्राच्या पृष्ठावर राहत नाही, आत मुरते. वरचा रंग धुतला तरी कातड्यात लोहाचा अंश उरतो आणि वर्षांनुवर्षे हवा लागून तो पुन्हा तपकिरी दिसू लागतो.

एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी खालची अक्षरे उठावदार करण्यासाठी पानांवर रसायने लावली. त्यांना अक्षरे दिसली, मजकूर उतरवून घेता आला. पण ती पाने पुढे काळी-निळी पडली, काही कायमची बिघडली. नंतर अतिनील प्रकाशात छायाचित्रे घेण्याची पद्धत आली. आता एकच पान प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींवर टिपतात आणि संगणकावर त्या प्रतिमा एकत्र करून वरचा मजकूर फिका आणि खालचा गडद करतात.

याचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आर्किमिडीजचे पॅलिम्प्सेस्ट. त्यावर थोडे थांबायला हवे. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला कुणीतरी आर्किमिडीजच्या ग्रंथांची ग्रीकमध्ये नक्कल केली. १२२९ मध्ये एका धर्मगुरूने ती पाने खरवडली, आडवी फिरवली आणि त्यावर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी कॉन्स्टँटिनोपलला ते प्रार्थनेचे पुस्तक पाहिले आणि खालचा आर्किमिडीज ओळखला. भिंग आणि छायाचित्रे एवढ्यावर त्यांनी बराच मजकूर लावला. नंतर पुस्तक नजरेआड झाले, त्याला बुरशी लागली, काही पानांवर विसाव्या शतकात कुणीतरी जुनी वाटावीत अशी बनावट सोनेरी चित्रे रंगवली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते २० लाख डॉलरला गेले. नव्या मालकाने ते बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयाकडे सोपवले आणि पुढची दहाएक वर्षे त्यावर काम चालले. चित्रांच्या खाली दडलेला मजकूर वाचण्यासाठी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत तीव्र क्ष-किरण वापरले. शाईतले लोह त्या किरणांना प्रतिसाद देते आणि त्यावरून अक्षरे उमटतात.

आर्किमिडीज आपली प्रमेये कशी शोधत असे, तराजूची कल्पना मनात धरून क्षेत्रफळे आणि घनफळे कशी ताडून बघत असे, हे सांगणारा त्याचा 'पद्धत' हा ग्रंथ आपल्याला या एकाच हस्तलिखितातून मिळाला आहे. ज्या धर्मगुरूने तो खरवडला, त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकामुळेच तो जपला गेला. मिटवणारा आणि राखणारा एकच, हा पेच लेखकांना या शब्दाकडे ओढतो.

आपल्याकडे अशी हस्तलिखिते होती का?

चर्मपत्रावर लिहिण्याची रीत आपल्याकडे रुजली नाही. आपली पुस्तके ताडपत्रावर, भूर्जपत्रावर आणि नंतर कागदावर. दक्षिणेत ताडपत्रावर अणकुचीदार लेखणीने अक्षरे कोरत आणि त्यात काजळी भरत. कोरलेले खरवडायला गेले तर पानच फाटेल. कागदी पोथीत चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ लावून नवे अक्षर लिहीत. 'तत्त्वाला हरताळ फासला' असे आपण आज म्हणतो, त्यातला हरताळ हाच. जुन्या पोथ्यांत हे पिवळे पट्टे स्पष्ट दिसतात. मात्र ती चुकीची दुरुस्ती आहे, पानाचा पुनर्वापर नव्हे.

खरे पॅलिम्प्सेस्ट आपल्याकडे धातूत सापडतात. जुन्या ताम्रपटावरची अक्षरे ठोकून सपाट करायची आणि त्याच पत्र्यावर नवे दानपत्र कोरायचे, असे प्रकार झाले आहेत. कोरीव लेखांचे अभ्यासक अशा पत्र्यांना पॅलिम्प्सेस्टच म्हणतात. जमिनीचा हक्क एका घराण्याकडून काढून दुसऱ्याला देणे आणि ते त्याच तांब्यावर लिहिणे, याहून अर्थपूर्ण उदाहरण मला तरी सुचत नाही.

साहित्यात हे रूपक कुणी रूढ केले?

थॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने. १८४५ मध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात त्याचा एक लेख आला: मानवी मेंदूचे पॅलिम्प्सेस्ट. अफूच्या व्यसनावरच्या आत्मकथनामुळे तो आधीच गाजलेला होता.

तो एका काल्पनिक चर्मपत्रापासून सुरुवात करतो. सगळ्यात खाली ग्रीक शोकांतिका, त्यावर मठातली संतकथा, त्यावर सरदारांच्या प्रेमाची आणि पराक्रमाची कथा. प्रत्येक पिढीला वाटले, आपण आधीचे कायमचे पुसले. आणि रसायनशास्त्राने एकेक थर परत आणला. मग तो म्हणतो, मेंदूही असाच आहे. कल्पना, प्रतिमा, भावना एकावर एक पडत जातात. प्रत्येक नवा थर आधीच्याला गाडतो असे वाटते, पण खरे तर एकही नाहीसा झालेला नसतो. पुरावा म्हणून तो आपल्या नात्यातल्या एका बाईंची आठवण देतो. लहानपणी नदीत पडून बुडता बुडता त्यांना सगळे आयुष्य एका क्षणात, एकदम, डोळ्यांसमोर दिसले होते.

याच्या विरुद्ध भूमिका कुणी घेतली का?

विरुद्ध नाही, पण वेगळी. १८५६ मध्ये एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने 'ऑरोरा ली' या दीर्घकाव्यात हा शब्द वापरला. माणसाचे मन जन्मतः कोरी पाटी असते, या मताला ते उत्तर आहे. तिचे म्हणणे, कोरा कागद कसला, हे पॅलिम्प्सेस्ट आहे: एका प्रेषिताच्या हातचे मूळ लेखन, जे एका साधूने विटाळून, पुसून, झाकून टाकले.

डी क्विन्सीकडे सगळे थर सारख्या मोलाचे आहेत. ब्राउनिंगकडे खालचा थर पवित्र आणि वरचा अपराध. कुठेही हा शब्द भेटला की लेखक कोणत्या थराच्या बाजूने आहे, हे आधी पाहावे. अर्धे आकलन तिथेच होते.

नेहरूंनी हा शब्द वापरला होता ना?

हो, आणि भारतीय वाचकांना तो बहुधा तिथेच पहिल्यांदा भेटतो. भारत म्हणजे एखादे प्राचीन पॅलिम्प्सेस्ट आहे, त्यावर विचारांचे आणि स्वप्नांचे थरावर थर लिहिले गेले, पण नंतरच्या एकाही थराने आधीचे लेखन पूर्णपणे झाकले किंवा पुसले नाही, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'मध्ये आहे. पुस्तक १९४६ मध्ये आले, लिहिले १९४४ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असताना. निजामशाहीने बांधलेला, मोगलांनी घेतलेला, मराठ्यांकडे आलेला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला तो किल्ला. गावाचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे.

वाक्य सुंदर आहे आणि मला ते मनापासून आवडते. तरीही वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात लिहिणारे आहेत, पण खरवडणारा कुणी नाही. थर आपोआप पडत गेल्यासारखे वाटतात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, फाळणीचे ढग जमत असताना, कुणीच कुणाला पुसले नाही असे म्हणण्यामागे आशा आहे आणि ती समजून घेता येते. पण विद्यार्थ्यांनी हे वाक्य व्याख्या म्हणून पाठ करू नये. ते एका विशिष्ट वेळी, विशिष्ट हेतूने केलेले विधान आहे.

ऑर्वेलच्या कादंबरीत अर्थ उलटा कसा होतो?

'१९८४' ही कादंबरी १९४९ मध्ये आली. तिचा नायक विन्स्टन सरकारच्या सत्य मंत्रालयात कामाला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतले मजकूर पक्षाच्या आजच्या भूमिकेनुसार बदलणे, हे त्याचे रोजचे काम. ऑर्वेल लिहितो की, सारा इतिहास म्हणजे एक पॅलिम्प्सेस्ट होते, गरज पडेल तितक्या वेळा साफ खरवडून पुन्हा लिहिलेले.

नेहरूंच्या वाक्यात काहीच पुसले जात नाही, ऑर्वेलच्या वाक्यात काहीच उरत नाही. एकच शब्द, आणि दोघांमध्ये मोजकी वर्षे. ऑर्वेलकडे खरवडणारा हात ठळक आहे, त्याला पगार आहे, कार्यालय आहे, कामाची वेळ आहे. आणि तरी त्याने शब्द नेमका निवडला आहे. पॅलिम्प्सेस्टमध्ये खालचे काहीतरी उरतेच, आणि कादंबरीतही एकदा विन्स्टनच्या हाती एक जुने कात्रण लागते. पक्षाने दिलेली कबुलीजबाबांची हकीकत खोटी होती, हे त्या कात्रणावरून सिद्ध होते. काही क्षण तो ते हातात धरतो. पुढची सगळी कथा त्या उरलेल्या खुणेच्या भोवती फिरते.

मार्गारेट अ‍ॅटवुडच्या वाक्यात संगीताला पॅलिम्प्सेस्ट का म्हटले आहे?

'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीची सुरुवात एका शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत होते. हुकूमशाही आली आहे, बायकांना तिथे रात्री डांबून ठेवले आहे. निवेदिका पडल्या पडल्या बघते: फरशीवर खेळांसाठी आखलेल्या रेघा आणि वर्तुळे अजून आहेत, बास्केटबॉलच्या कड्या आहेत, जाळ्या मात्र गेल्या आहेत. तिथे कधीकाळी झालेल्या नाचांची ती कल्पना करते आणि म्हणते की, ते संगीत रेंगाळत होते, न ऐकू येणाऱ्या आवाजांचे पॅलिम्प्सेस्ट, एका शैलीवर दुसरी शैली.

'न ऐकू येणारा आवाज' इथे वाचक अडखळतो. अडखळायलाच हवे. आवाज नाही, पण आवाजाची जागा आहे. रेघा आहेत, खेळ नाही. कड्या आहेत, जाळ्या नाहीत. जे पुसले गेले ते केवळ त्याच्या कडांवरून वाचायचे आहे, आणि पुढची सबंध कादंबरी हेच करते. पहिल्याच परिच्छेदात हा शब्द ठेवून लेखिकेने आपल्याला वाचायची रीत शिकवून ठेवली आहे. मला माहीत असलेल्या वापरांत हा सर्वांत बारकाईने केलेला आहे.

रश्दींच्या 'पॅलिम्प्स्टाइन'चा याच्याशी संबंध आहे का?

आहे. 'द मूर्स लास्ट साय' (१९९५) मधली ऑरोरा ही चित्रकार एका चित्रावर दुसरे चित्र रंगवत जाते. त्या चित्रांतल्या कल्पित जगाला दिलेले एक नाव म्हणजे 'पॅलिम्प्स्टाइन', पॅलिम्प्सेस्ट आणि पॅलेस्टाइन जोडून केलेला शब्द.

एका लेखकाने दुसऱ्याच्या साहित्यकृतीवर नवी कृती रचली, तर ती पॅलिम्प्सेस्ट होते का?

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८२ मध्ये याच नावाचे एक जाड पुस्तक लिहिले, त्यात हाच विषय आहे. एका कृतीच्या आधारावर उभी राहिलेली दुसरी कृती: विडंबन, अनुकरण, पुनर्कथन, विस्तार. इंग्रजीतले नेहमीचे उदाहरण म्हणजे 'जेन एअर' (१८४७) आणि जीन ऱ्हीस यांची 'वाइड सारगासो सी' (१९६६). पहिल्या कादंबरीत माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला स्वतःचा आवाजच नाही. दुसरीने तिला बालपण दिले, बोलणे दिले. दुसरी वाचून झाल्यावर पहिली पूर्वीसारखी वाचता येत नाही.

मराठीत शोधायचे तर आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहापासून सुरुवात करावी. त्यातली विडंबने वाचताना कानात मूळ कवितेची चाल वाजत असते, रविकिरण मंडळातल्या कवींची लकब दिसत असते. मूळ कविता ठाऊक नसेल तर निम्मी मजा जाते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) मध्ये गोष्ट अधिक गंभीर आहे. ओवी-अभंगाचा घाट तोच, पण त्यात विठ्ठलाच्या जागी यंत्रे, गर्दी, महायुद्धानंतरची भकास मुंबई. अभंगाचा छंद आपल्याला श्रद्धेची अपेक्षा करायला लावतो आणि शब्द ती पुरी करत नाहीत. खाली तुकाराम-रामदासांचा ठसा दिसतो म्हणूनच वरचे रितेपण बोचते. इथे हा शब्द वापरला तर त्याचे चीज होते.

प्रत्येक प्रभावाला मात्र पॅलिम्प्सेस्ट म्हणू नये. एखाद्या कवीने कुसुमाग्रज खूप वाचले आहेत, एवढ्यावर त्याची कविता पॅलिम्प्सेस्ट होत नाही.

मग ज्ञानेश्वरीला पॅलिम्प्सेस्ट म्हणता येईल का? गीतेवर ओव्या रचल्या आहेत की.

नाही. ज्ञानेश्वरांनी गीता पुसली नाही, उलगडली. टीका, भाष्य आणि पॅलिम्प्सेस्ट हे वेगळे प्रकार आहेत.

या प्रश्नातून आमच्या गटात एक चांगली चर्चा मात्र निघाली. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरवल्या जाताना त्यात पाठभेद शिरले, परक्या ओव्या घुसल्या. शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि शेवटी बजावले: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' अमृताच्या ताटात करवंटी ठेवू नका. नाथांची ही चिंता ब्राउनिंगच्या बाजूची आहे: मूळ लेखन पवित्र, वरचे लेखन दूषण. पण नाथांना काही खरवडलेले परत आणायचे नव्हते, घुसडलेले बाहेर काढायचे होते. त्यासाठी आपल्याकडे 'प्रक्षेप' हा नेमका शब्द आहेच.

ठाणे शहर पॅलिम्प्सेस्ट आहे, असे लिहिले तर चालेल?

चालेल, पण उदाहरण द्यावे लागेल. 'ठाण्यात जुने-नवे एकत्र नांदते' हे पॅलिम्प्सेस्ट नाही.

मध्यवर्ती कारागृह घ्या. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला, पुढे तुरुंग झाला. १८४८ मध्ये राघोजी भांगरे आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना तिथे फाशी दिली. तट तेच, प्रत्येक राजवटीने अर्थ बदलला. इथे शब्द बसतो. त्याच किल्ल्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस खोदकाम करताना शीलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, ताम्रपट निघाला. तो मात्र खरवडलेला थर नव्हे, पुरलेला थर आहे. वापरताना हा फरक सांभाळावा.

मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ जाणारे उदाहरण भिंतीवर असते. नौपाड्यात एका जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर दर निवडणुकीला चुना मारतात आणि त्यावर नवे नाव, नवे चिन्ह रंगवतात. उन्हाळ्यात फक्त वरचे नाव दिसते. जूनमध्ये भिंत भिजली की चुना थोडा पारदर्शक होतो आणि खालची निळी अक्षरे वर येतात: आधीच्या उमेदवाराच्या आडनावातला अर्धा 'ळ', त्याच्याही खाली कुठल्याशा शिवण क्लासच्या जाहिरातीतला 'शि'. भिंत वाळली की पुन्हा सगळे पांढरे. लिहिणे, मिटवणे, पुन्हा लिहिणे, उरणे, चारही गोष्टी तिथे आहेत.

आणि नवी मुंबई? ती तर आखीव शहर आहे.

म्हणूनच तिथे हा शब्द अधिक बसतो. इंग्रज इतिहासकार मेटलंड यांनी १८९७ मध्ये सर्वेक्षणाच्या नकाशाला विलक्षण पॅलिम्प्सेस्ट म्हटले होते. आजच्या गावांच्या आणि रस्त्यांच्या रेषांतून शेकडो वर्षांपूर्वीची वस्ती वाचता येते, असा त्यांचा मुद्दा. नवी मुंबईचा नकाशा तसा पाहावा. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. भातशेती, मिठागरे, आगरी-कोळ्यांची गावे यांवर सेक्टरांची चौकट आखली गेली. वाशी, जुहूगाव, करावे, सारसोळे, दिवाळे यांची गावठाणे मात्र राहिली. नकाशावर सरळ आलेला रुंद रस्ता गावठाणाशी येऊन अरुंद होतो, वळतो, देवळाला वळसा घालतो. ते वळण म्हणजे खालच्या लेखनाची ओळ.

आणि इथे हात कुणाचा, हे सांगता येते. जमीन संपादन झाली, मोबदल्यावरून लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच आंदोलक गेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. 'नवी मुंबई हे एक पॅलिम्प्सेस्ट आहे' एवढेच लिहून थांबणारा लेख मला अपुरा वाटतो. भातखाचरे कुणी, कोणत्या कायद्याने, काय देऊन मिटवली, हे पुढच्या वाक्यात यायला हवे.

मराठीत भाषांतर करताना काय लिहावे?

हस्तलिखिताविषयी असेल तर 'पुनर्लिखित चर्मपत्र' चालते. लाक्षणिक असेल तर मी पहिल्यांदा 'पॅलिम्प्सेस्ट' तसाच ठेवते आणि त्याच वाक्यात अर्थ उकलते: 'खरवडून पुन्हा लिहिलेले, तरी खालची अक्षरे पुसट दिसणारे.' पुढे 'खालची अक्षरे', 'पुसट मजकूर' असे म्हणत राहायचे. 'खाडाखोड' नको, त्यात दुरुस्तीचा अर्थ येतो. 'गोधडी' नको, त्यात तुकडे शेजारी शेजारी असतात, एकाखाली एक नाही. 'संगम' तर नकोच, तिथे कुणी कुणाला मिटवत नाही.

मराठीत लिंग कोणते?

मी नपुंसकलिंगी वापरते, 'हस्तलिखित' मनात धरून: ते पॅलिम्प्सेस्ट. अनेकवचनात रूप बदलत नाही. विशेषण करायचा मोह टाळावा.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

आधी डी क्विन्सीचा लेख. भाषा पल्लेदार आहे, पण लेख लहान आहे आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे नेटवर मोफत मिळतो. मग अ‍ॅटवुडच्या कादंबरीचे पहिले प्रकरण, दोनच पाने आहे. त्यानंतर नेहरू आणि ऑर्वेल यांची वाक्ये शेजारी शेजारी लिहून काढावीत आणि दोन्हींत क्रियापदाचा कर्ता कोण, हे शोधावे. बी.ए.च्या मुलांना मी हाच सराव देते. आर्किमिडीजच्या पानांच्या प्रतिमाही नेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत. फोनवर अक्षरे लागत नाहीत, मोठ्या पडद्यावर उघडाव्यात.